९८० रुपयांसाठी कांडप लपवू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून आपण त्यांना कांडपवाल्या ताई म्हणू. पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगतो. घराच्या मागच्या खोलीत चटणी कांडप आहे, बारा वर्षं झाली, मार्च ते मे मिरचीचा सीझन आणि बाकी वर्षभर हळद, धने, मसाला. घरपट्टी आजवर २,४८० रुपये यायची. यंदा चतुर्थ वार्षिक कर आकारणीची नोटीस आली ती थेट १०,०७८ रुपयांची. मिस्टर म्हणतात मशीन भावाच्या घरी हलवू, घर साधं निवासी दाखवू, आणि ते छोट्या धंद्याचं उद्यम रजिस्ट्रेशन पण कॅन्सल कर, त्यामुळेच हे झालं. गल्लीतले म्हणतात काही करू नका, पुढारी स्थगिती आणणार आहेत. आणि ताईंचा स्वतःचा राग वेगळाच, त्यांच्याच शब्दात: "तिकडं एमआयडीसीत कंपनी येणार तर तिला सरकार करमाफी देतंय आणि आम्ही दहा बाय पंधराच्या खोलीत मिरची कांडतो तर आम्हाला चौपट, हा कुठला न्याय? आणि मुंबईत ५०० स्क्वेअर फुटाला घरपट्टी माफ, मग आम्हाला का नाही?"

ताई, आधी एक बरं केलंत, नोटिशीचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत. निम्मी लोकं फक्त रक्कम कळवतात आणि विचारतात बरोबर आहे का, आता मी काय कुंडली मांडणार? तुमच्या नोटिशीत मात्र सगळं आहे, आणि खरं सांगू का, तुमचं भांडण नगरपरिषदेच्या दराशी नाहीच, तुमचं भांडण त्या कागदावरच्या दोन रकान्यांशी आहे.

बघा. नोटिशीत क्षेत्र लिहिलंय ९६ चौरस मीटर, वापर लिहिलाय बिगरनिवासी, सगळं घर. दर मागच्या बाजूला आहेत, निवासीला महिन्याला चौरस मीटरमागे १२ रुपये, बिगरनिवासीला ३६. आता ९६ गुणिले ३६ गुणिले १२ महिने म्हणजे ४१,४७२, हे झालं वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात, राहिलं करयोग्य मूल्य ३७,३२५, आणि तुमच्याकडे सगळे कर मिळून २७ टक्के पडतात, ते झाले १०,०७८. म्हणजे हिशोब बरोबर आहे, क्लार्कनं गणित चुकवलेलं नाही. चुकलंय ते गणितात घातलेलं सामान.

तुम्हीच पत्रात लिहिलंय की घर ८४० स्क्वेअर फूट आहे आणि पुढं १२ बाय १६ चं उघडं अंगण. ८४० म्हणजे ७८ चौरस मीटर. अंगण म्हणजे साधारण १८. बेरीज ९६! अंगण, ज्यावर पत्रासुद्धा नाही, ते बांधकामात धरलंय. आणि कांडपाची खोली १० बाय १५, म्हणजे १४ चौरस मीटर, तेवढीच धंद्याची, तर यांनी देवघर, स्वयंपाकघर, झोपायची खोली सगळ्याला दुकानाचा दर लावला. बहुतेक असं झालं असणार की सर्वेचा मुलगा आला, मशीनचा आवाज आणि मिरचीचा खकाणा, शिंका देत देत एक टिक मारली आणि गेला.

आता खरा हिशोब करू. ६४ चौरस मीटर निवासी, त्याचे ९,२१६. १४ चौरस मीटर बिगरनिवासी, त्याचे ६,०४८. बेरीज १५,२६४, दहा टक्के वजा जाता १३,७३८, आणि त्यावर २७ टक्के म्हणजे ३,७०९ रुपये. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर यांचे दर वेगळे असतात (रोहयो कर फक्त बिगरनिवासीला लागतो, आणि हे दोन्ही राज्य सरकारचे, नगरपरिषद फक्त गोळा करते) म्हणून थोडंफार इकडंतिकडं होईल, पण आकडा याच्याच आसपास. १०,०७८ नाही. २,४८० वरून ३,७०९ ही वाढ पण काही लोकांना खटकेल, पण चार वर्षांतून एकदा होते आणि सगळ्या गावाला आहे, त्यावर मी तुमचा वेळ घालवणार नाही.

आता मिस्टरांचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबवतो. समजा मशीन हलवलं, सगळं घर निवासी दाखवलं, तर ७८ चौरस मीटरचा कर होतो २,७२९. म्हणजे धंदा उघडपणे दाखवायची किंमत वर्षाला ९८० रुपये. महिन्याला ८२ रुपये. एवढ्यासाठी तुम्ही उद्यम नोंदणी रद्द करायला निघालात?

कारण पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की चार लाखाचं मोठं पल्व्हरायझर (दळायचं मशीन) आणि पॅकिंग मशीन घ्यायचा विचार आहे, कांदा-लसूण चटणी पाकिटात भरून पुण्याला पाठवायची आहे. ताई, तुमच्यासारख्या आधीपासून चालू असलेल्या छोट्या खाद्यपदार्थ उद्योगासाठीच केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आहे, २०२० ला सुरू झालेली, पीएमएफएमई म्हणतात तिला. बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के घालायचे. चार लाखाचे ३५ टक्के म्हणजे १ लाख ४० हजार. भागा ९८० ने, १४२ वर्षांची घरपट्टी निघते. आपल्याकडे ही योजना कृषी विभाग चालवतो, तालुका कृषी कार्यालयात जाऊन जिल्हा संसाधन व्यक्ती कोण आहे ते विचारा, अर्ज भरून द्यायचं काम त्यांचंच आहे, एजंटला पैसे द्यायचे नाहीत, आणि योजना केंद्राची असल्यामुळं मुदत सध्या किती आहे ते पहिल्याच फेरीत विचारून घ्या. पण तिथं बँक काय मागणार? उद्यम, अन्न परवाना, लाइट बिल, जागेचा उतारा. तुमच्या उताऱ्यावर त्या खोलीला बिगरनिवासी वापर लिहिलेला असणं हा तिथं तुमच्या बाजूचा पुरावा आहे, धंदा याच जागेत चालू आहे हे सांगणारा. आज तो पुसायला निघालात तर उद्या बँकेच्या साहेबासमोर काय सांगणार, मशीन भावाच्या घरात, नाव माझं, बिल त्याचं?

(केंद्राची पीएमईजीपी आणि राज्याची सीएमईजीपी या रोजगार निर्मितीच्या अनुदान योजना पण लोक सुचवतील तुम्हाला, त्या नव्या उद्योगासाठी आहेत, तुमचा चालू आहे, त्या नादाला लागू नका.)

उद्यममुळं घरपट्टी वाढली हे पण डोक्यातून काढा. उद्यम ही केंद्राची ऑनलाइन नोंदणी, २०२० पासून, फुकट आहे, आणि नगरपरिषदेचा सर्वे घरोघर फिरून, ड्रोनचे फोटो आणि नकाशे घेऊन होतो. तुमच्या बाबतीत मिरचीच्या वासानं काम केलं, पोर्टलनं नाही.

आता हे सगळं आत्ताच का आलं, सगळ्या गावात एकदम का, तर त्यामागं पण कारण आहे. नगरपालिकांची जकात १९९९ लाच गेली. मग राहिलं काय, सरकारचं अनुदान आणि घरपट्टी-पाणीपट्टी. त्यात पंधराव्या वित्त आयोगानं अट घातली की अनुदान पाहिजे तर राज्यानं मालमत्ता कराचा किमान दर ठरवायचा आणि राज्याची अर्थव्यवस्था ज्या वेगानं वाढते त्या वेगानं कराची वसुली पण वाढली पाहिजे. म्हणजे गटाराला पैसे पाहिजेत तर घरपट्टी वाढवून दाखवा. शिवाय बऱ्याच नगरपरिषदांवर मधली तीन-चार वर्षं प्रशासक होते, नगरसेवकच नाहीत, तेव्हा कुणाला मतांची भीती नव्हती, जिथं आकारणी रखडली होती तिथं ती एकदम उरकली गेली. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, पण सुनावणीला जाऊन "एवढा कर कशाला" असं भांडलात तर समोरचा अधिकारी मान हलवेल आणि पुढचा नंबर बोलवेल, कारण तो प्रश्न त्याच्या टेबलावरचाच नाही. त्याच्या टेबलावर फक्त मोजमाप, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय.

एमआयडीसीतल्या कंपनीचा राग मात्र मला पटतो आणि पटत पण नाही. त्या कंपनीला जे मिळतं ते राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून. ही योजना १९६४ पासून चालू आहे, वेळोवेळी नवी आवृत्ती येते, २०१९ ची पण आली. तालुके अ, ब, क, ड, ड प्लस अशा गटात टाकलेत, जेवढा मागास तेवढी सवलत जास्त. त्यात राज्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी, छोट्या उद्योगाला व्याजात आणि वीजदरात सवलत असं असतं. यातला एक रुपया पण तुमच्या नगरपरिषदेच्या घरपट्टीतून जात नाही, एमआयडीसी बहुतेक वेळा नगरपरिषदेच्या हद्दीतही नसते. तेव्हा त्यांना माफी दिली म्हणून तुमची वाढवली हे गणित जुळत नाही. आणि गंमत म्हणजे त्या योजनेत सूक्ष्म-लघु उद्योगाला पण जागा आहे, फक्त अर्ज करणारे मोठे असतात कारण त्यांच्याकडं अर्ज करायला पगारी माणूस असतो आणि तुमच्याकडं तुम्हीच, ते पण हातात चाळण घेऊन.

गावात खरोखर नगरपरिषदेच्या हातात असलेली सवलत बघायचीये? मार्केटमधले गाळे बघा. कुणाला किती भाड्यानं, किती वर्षांच्या करारानं दिलेत, भाडं शेवटचं कधी वाढवलं, थकबाकी किती. तो तुमच्या गावचा खरा इन्सेंटिव्ह, आणि त्याची यादी माहिती अधिकारात मिळते. पण हे नंतर, सीझन संपल्यावर. आधी हरकत.

मुंबईचं तर सोडूनच द्या. ५०० स्क्वेअर फुटांपर्यंतच्या घरांना माफी हा २०२२ चा निर्णय, फक्त निवासी, फक्त मुंबई, त्यांचा कायदा १८८८ चा वेगळाच, आणि त्यांची महापालिका किती श्रीमंत. तुमचा कायदा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५. आणि मुंबईचंच उदाहरण घ्यायचं तर दुसरं घ्या. तिथं २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्यावर नाही तर मालमत्तेच्या किमतीवर, कर लावायला लागले, त्यात जमिनीवर पुढं किती बांधता येईल ते पण धरून किंमत काढत होते, मालमत्ताधारक कोर्टात गेले, हायकोर्टानं २०१९ ला ते नियम रद्द केले आणि सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२२ ला तेच कायम केलं. जिंकले, पण बारा वर्षं. तोपर्यंत वाढीतला निम्मा भाग भरतच होते. तुम्हाला कोर्ट नको, तुम्हाला ३० दिवसांत एक कागद द्यायचाय.

पुणेकरांचं पण ऐकून ठेवा. स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत १९७० पासून होती, मध्ये बंद केली, आरडाओरडा झाला, २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं परत दिली. पण ज्यांची सवलत काढून घेतली होती त्यांनी ती परत मिळवायला पीटी-३ नावाचा फॉर्म भरून द्यायचा होता. कितीतरी जण पेपरात बातमी वाचून पेढे वाटून मोकळे झाले, फॉर्म भरलाच नाही, आणि बिल आलं तेवढंच. सवलत जाहीर होणं वेगळं, तुमच्या बिलावर उतरणं वेगळं.

म्हणून गल्लीतल्या स्थगितीच्या गप्पांवर थांबू नका. स्थगिती म्हणजे रद्द नाही, नुसता ब्रेक. उद्या ती उठली तर काय होईल? ज्यांनी हरकत दिली त्यांची सुनावणी होईल, ज्यांनी दिली नाही त्यांची यादी तशीच कायम. आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या गावाकडच्या घराला अशीच नोटीस आली होती, तुळशीचा कट्टा आणि मागची गोठ्याची मोकळी जागा धरून. आई म्हणाली जा, मी म्हणलं जातो, नेते म्हणाले थांबतंय सगळं, मग काय मी थांबलो, आणि गेलो तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. क्लार्क काही वाईट माणूस नव्हता, म्हणाला साहेब आता चार वर्षांनी या. चार वर्षं आम्ही तुळशीची घरपट्टी भरली. आई रोज पाणी घालताना मला ऐकवायची, "घाल गं बाई, कमर्शियल आहे ती."

तर करायचं काय. तुमच्या नोटिशीवर कलम ११९ लिहिलंय आणि खाली हरकतीची शेवटची तारीख आहे, तुमचं पत्र मला मिळालं त्या दिवसापासून मोजले तर ११ दिवस राहतात, त्यात सुट्ट्या. उद्याच नगरपरिषदेत कर विभागात जा, आधी तुमच्या घराचा असेसमेंट उतारा आणि सर्वेचा मोजमापाचा कागद मागा. मोजमापाचा कागद देत नसतील तर वाद घालू नका, उतारा घेऊन घरी या. मग टेप घेऊन एकेक खोली मोजा, साध्या वहीवर नकाशा काढा, फुटात मोजलंत तरी चालेल, शेवटी १०.७६ ने भागलं की चौरस मीटर. अंगणाचे फोटो काढा, वर आभाळ दिसेल असे, कांडपाच्या खोलीचा एक आणि बाकी खोल्यांचा एकेक. लाइट बिल बघा, कांडपाला वेगळा मीटर असेल तर ते बिल जोडा, म्हणजे धंदा एका खोलीपुरता आहे हे आपोआप दिसतं. घर बांधलेलं साल कुठला दाखला असेल तर तो, कारण जुन्या आणि लोडबेअरिंग घराला आरसीसीचा दर लावलाय का ते पण तपासायचंय, फोटोत ते रकाने नीट दिसत नाहीत मला.

अर्ज लांब लिहू नका. साधं असं: "माझ्या मालमत्ता क्रमांकाच्या आकारणीस माझी हरकत आहे. १) प्रत्यक्ष बांधकाम ७८ चौ.मी. असून १८ चौ.मी. उघडे अंगण बांधकामात धरले आहे. २) फक्त १४ चौ.मी. क्षेत्राचा वापर मसाला कांडपासाठी असून उर्वरित ६४ चौ.मी. निवासी आहे. तरी माझ्या समक्ष फेरमोजणी करून आकारणी दुरुस्त करावी व सुनावणीची संधी द्यावी." बस. अन्याय, गोरगरीब, मोर्चा, काही नको. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. "ठेवून जा ताई, बघतो" म्हणतील, हसून उभं राहायचं.

सुनावणीला मिस्टरांना पाठवू नका, तुम्ही जा, कारण कुठली खोली कशासाठी ते तुम्हाला माहितीये, आणि मिस्टर तिथं मशीनच नाही म्हणून बसतील, मग तुमचा सगळा अर्ज खोटा पडेल. निकाल चुकीचा लागला तर कलम १६९ खाली अपील आहे, पण त्याला आधी बिलाची रक्कम भरावी लागते, म्हणून जे काय करायचं ते या पायरीवर नीट करा. आणि दरम्यान जुनी थकबाकी असेल तर ती भरून टाका, न भरलेल्या करावर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. वर्षाला २४ झाले, सावकाराला लाजवेल असा दर आहे. शास्तीमाफीची अभय योजना नगरपरिषदांनाही लागू करायचा निर्णय २०२५ ला झालाय, पण ती थकलेल्यांसाठी, तिच्या भरवशावर मुद्दाम थकायचं नसतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण विचारतो, ती मागची खोली परवानगीनं बांधलीय ना? नसेल तर तो विषय सुनावणीत स्वतःहून काढू नका, पण त्याआधी एखाद्या ओळखीच्या इंजिनिअरला दाखवून नियमित करता येते का बघा, कारण विनापरवाना बांधकामाची शास्ती कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते आणि फेरमोजणीला माणूस घरात येणारच आहे.

दर ३६ चा योग्य का, निवासीच्या तिप्पट का, हे विचारायचं असेल तर ते एकट्यानं नाही जमायचं. तुमच्या गावात पिठाच्या गिरण्या, शेवया-पापडवाल्या, शिलाईवाल्या अशा घरात धंदा करणाऱ्या किती बायका आहेत? पन्नास तरी असतील. आता निवडून आलेले नगरसेवक आहेत, त्यांच्याकडं सगळ्यांच्या सहीनं एकच मागणी घेऊन जा, की घरातल्या घरात २० चौरस मीटरपर्यंतच्या गृहउद्योगाला वेगळा कमी दर ठेवा, सभेत ठराव करा आणि शासनाकडं पाठवा. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. पण मोठ्या आयटी कंपन्यांना राज्याच्या धोरणात घरपट्टी निवासी दरानं लावायची सवलत आहेच की, २०१५ च्या आयटी धोरणातच ते आलं, आणि हॉटेलवाल्यांना पण २०२१ पासून उद्योगाचा दर्जा मिळाला, अटीत बसले तर व्यापारी दराऐवजी औद्योगिक दर. त्यांना मिळालं कारण त्यांनी कागद करून मागितलं. चटणीवाल्यांनी अजून कुणी मागितलेलंच नाही बहुतेक.

मोजायला सुरुवात आज संध्याकाळीच करा, कांडप बंद झाल्यावर. टेपचं दुसरं टोक मिस्टरांच्या हातात द्या आणि पहिली खोली मागचीच घ्या, तेवढ्यात ते ९८० आणि १ लाख ४० हजार पण त्यांना सांगून होईल.